प्रस्तावना : आधी माती, मग यंत्र

कुकडीच्या काठी, बोरी बुद्रुकच्या शिवारात जे सर्वांत मोलाचं आहे, त्यावरून मेटल डिटेक्टर फिरवला तर तो चकार शब्द काढत नाही. नदीने साठवलेल्या जुन्या गाळात तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि त्याच गाळात अश्मयुगातल्या माणसाने घडवलेली हातकुऱ्हाडींसारखी दगडी हत्यारं सापडली आहेत. राख आणि दगड. यंत्राने दखल घ्यावी असं त्यात काही नाही. जमिनीतला धातू शोधण्याच्या छंदाची ओळख करून देणारी ही पुस्तिका बोरीपासून सुरू करतो आहे, ती मुद्दाम. हा छंद जडलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं करावं की, यंत्र वाजतं तिथे धातू असतो, पण जमिनीचं मोल त्या आवाजावर ठरत नाही.

राखेची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या नियमांचं मूळ तिच्यात आहे. 1980च्या दशकात विश्वास काळे, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरीच्या गाळातली ही राख अभ्यासकांपुढे मांडली. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानाने अगदी अलीकडची, आणि इथली नव्हेच. रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी राखेचा आणि हत्यारांचा संबंध तपासायला घेतला. वय काढताना मात्र आकडे जुळेनात. एका मोजणीत 14 लाख वर्षं आली, दुसरीत 6 लाख 70 हजार. मग 1995 साली राखेतल्या काचकणांचं रासायनिक विश्लेषण करणाऱ्या गटाने ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली असल्याचं मांडलं. तीन हजार किलोमीटरहून दूरच्या स्फोटाची राख आमच्या कुकडीच्या खोऱ्यात!

त्यातून हत्यारांचा प्रश्न उभा राहिला. ती राखेच्या खालच्या थरातली की वरच्या? राख पडली तिथेच आहे, की पुराच्या पाण्याने आणून नंतर साचवली? हत्यारं मूळ जागी आहेत, की तीही वाहत आलेली? या भूमीवर माणूस किती काळापासून वावरतो आहे, याचा एक महत्त्वाचा पुरावा असा नदीच्या दरडीतल्या काही फूट मातीवर अवलंबून आहे. तिथे कुणी हौसेने दोन खड्डे घेतले आणि वरची माती खाली, खालची वर केली, तर ती मोडतोड पुन्हा सांधता येत नाही. उचललेला दगड जागेवर ठेवता येईल, मोडलेला थर पुन्हा रचता यायचा नाही. म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम बोरीने घालून दिला आहे: नदीच्या दरडीला, राखेच्या थराला आणि घळींच्या काठांना फावडं लावायचं नाही, यंत्र वाजो अथवा न वाजो.

आता यंत्राकडे वळू. दांड्याच्या टोकाला जी चकती असते ती कॉइल. नवशिक्याच्या यंत्रात बहुधा तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह फिरतो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात भोवरी प्रवाह उठतात. त्यांचंही एक क्षीण क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. हा प्रतिसाद किती मागे पडून येतो, त्यावरून यंत्र लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं यांत फरक करू पाहतं. पडद्यावर दिसणारा आकडा हा असा अंदाज असतो. जमिनीत तिरपं पडलेलं नाणं आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चुरगळलेला पत्रा यांचा आकडा सारखाच येऊ शकतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी याच तत्त्वाच्या यंत्राने शोधून पाहिली. गोळी हाती लागली नाही. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असावा असं मानलं जातं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या जोझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेलं सुरुंगशोधक यंत्र 1942 साली एल अलामीनच्या रणभूमीवर वापरलं गेलं. आज छंद म्हणून हाती येणारं यंत्र त्याच घराण्यातलं आहे, आणि आजूबाजूच्या लोखंडाने फसण्याची खोडही त्याने अजून सोडलेली नाही.

आपल्या भागात त्यात मातीची भर पडते. कुकडीच्या पात्रातल्या कोरड्या वाळूत एखादा चुंबक फिरवून पाहा. काळे, बारीक कण केसांसारखे त्याला चिकटून उभे राहतात. हे कातळातून झिजून आलेलं मॅग्नेटाइट. आपली काळी माती, मुरूम, नदीतले गोटे, सगळ्यांत हे लोहद्रव्य कमीअधिक आहेच. त्यामुळे धातू नसतानाही जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देत राहते. त्यावरचा उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. धातू नाही अशी खात्रीची जागा निवडायची, कॉइल वीतभर उचलायची, मातीपासून दोन बोटांवर आणायची, पुन्हा उचलायची, आणि वर-खाली करताना आवाज बदलेनासा होईपर्यंत सेटिंग जुळवायचं. शेत बदललं की हे पुन्हा करायचं, कारण काळीतलं सेटिंग मुरमाड माळावर चालत नाही. सेन्सिटिव्हिटी सुरुवातीला निम्म्यावरच ठेवावी. ती पूर्ण चढवली की यंत्र जास्त खोल पाहील असं वाटतं, पण आपल्या मातीत ते नुसतं बडबड करतं. विजेच्या तारांखाली आणि चालू मोटारीशेजारीही तोच अनुभव येईल. नाण्याएवढी वस्तू आपल्याकडे वीतभर खोलीवर नीट वाजली, तर यंत्र चांगलं आणि सेटिंग बरोबर असं खुशाल समजावं. नाणं मीटर-दोन मीटर खोलीवरून दाखवण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

यंत्र घरी आलं की थेट रानात जाऊ नये. पहिला महिना अंगणातच काढावा. परसात एक मोकळा पट्टा आखून त्यात माहितीच्या वस्तू पुराव्यात: चालू नाणं, लोखंडी खिळा, बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू, बाटलीचं पत्र्याचं बूच, ॲल्युमिनियमचा तुकडा. काही चार बोटं खोल, काही वीतभर. शेजारी खुणेच्या काड्या रोवाव्यात. मग पडद्यावर फडकं टाकून नुसत्या कानाने ऐकावं. नाण्याचा आवाज गोल आणि भरीव येतो. पूर्व-पश्चिम फिरवा की दक्षिण-उत्तर, तो तसाच राहतो. आडव्या पडलेल्या खिळ्याचा आवाज तुटका येतो, कधी एकाच्या जागी दोनदा वाजतो, आणि आपण काटकोनात वळून उभे राहिलो की बदलतो किंवा गायबच होतो. बूच सर्वांत लबाड. ते चांगल्या धातूचा आव आणतं, पण कॉइल थोडी उचलली किंवा बाजूला सरकवली की त्याचा सूर फाटतो. हा फरक कानात मुरला की निम्मी विद्या आली. फिरवताना कॉइल जमिनीला समांतर राहिली पाहिजे; दोन्ही टोकांना ती वर उचलली जाते तिथे जमीन तपासायची राहून जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवावी, आणि चाल इतकी सावकाश असावी की शेजारून जाणाऱ्याला आपण काही तरी पेरतो आहोत असं वाटावं.

त्यानंतर शेत. स्वतःचं असेल तर उत्तम, दुसऱ्याचं असेल तर मालकाची परवानगी घेऊन, आणि काय सापडल्यास काय करायचं हे आधी बोलून. पीक निघाल्यावर, नांगरट झाल्यावर किंवा पहिल्या पावसाने ढेकळं बसल्यावर जावं. खणायचं ते नांगराच्या खोलीपर्यंतच, कारण तेवढी माती पिढ्यान्‌पिढ्या खालीवर झालेली असते आणि तिच्यात मोडण्यासारखा थर उरलेला नसतो. तिच्याखालचा सिग्नल कितीही गोड असला तरी तो तिथेच राहू द्यावा. मातीचा तुकडा खुरप्याने तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटावा, वस्तू काढावी, झाकण लावून पायाने दाबावं. आपण गेल्यावर खड्डा दिसला नाही, तर मालक पुन्हा येऊ देईल.

आणि काय सापडेल? मोडलेला फाळ, कुळवाच्या पासेचा तुकडा, पाभरीचा फण, बैलांच्या पायांच्या पत्र्या, गाडीच्या धावेचा पट्टा, नट-बोल्ट, मोटार पुन्हा भरताना पडलेली तांब्याची तार. नाण्यांमध्ये हलकी ॲल्युमिनियमची एक, दोन, तीन पैशांची. कधी 1943 ते 1947च्या दरम्यानचा भोकाचा पैसा. नवशिके हे सगळं भंगार म्हणून बाजूला टाकतात. मला मात्र या छंदाचा खरा गाभा तिथेच वाटतो. एका शेताच्या कोणत्या कोपऱ्यात पत्र्या सापडतात, कुठे धावेचे तुकडे, कुठे तांब्याची तार, याचा नकाशा काढला तर बैल कुठे उभे राहायचे, गाडीवाट कुठून जायची आणि विहिरीवर मोट जाऊन मोटार केव्हा आली, हे त्या शेताच्या तोंडून कळतं. हा इतिहास कुणी लिहिलेला नाही, आणि तो लिहायला आपल्या पिढीनंतर कुणी साक्षीदारही उरणार नाही.

गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग आपले आजोबा-पणजोबा करत आले. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. घरं पडून, चुलींची राख साठून, भिंतींची माती विरून पांढरीचे उंचवटे तयार होतात. खापरं, मणी, हाडं, नाणी त्यांच्यातच एकावर एक थरांनी झोपलेली असतात. यंत्र तिथे सर्वांत जास्त वाजेल, आणि म्हणूनच तिथे ते नेऊ नये. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात जे उत्खनन केलं, त्यातून ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्य, दफनं असं सगळं गाव उभं राहिलं. त्यात तांबं अगदी थोडं. तांब्याच्या मागे लागून कुणी आधीच ती पांढरी उकरली असती, तर गाव हातचं गेलं असतं.

जागा आणि थर यांचं मोल कळण्यासाठी महाराष्ट्रातले दोन ठेवे शेजारी ठेवून पाहावेत. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. ठेवा एकत्र राहिला, मोजला गेला, अभ्यासला गेला, म्हणून सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केल्याचा धडधडीत पुरावा हाती आला. जुन्नरकरांना त्याचं अप्रूप जास्त असावं, कारण याच नहपानाच्या अमात्य अयमाचा शिलालेख आपल्या मानमोडीच्या लेण्यात आहे. दुसरा ठेवा दायमाबादचा. 1974 साली प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पं मिळाली: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. घडण इतकी देखणी की पाहतच राहावं. पण ती कोणत्या थरातून निघाली हे उत्खननात नोंदलं गेलेलं नव्हतं. बहुतेक विद्वान त्यांना उत्तर हडप्पा काळातलं मानतात, तर धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून डी. पी. अगरवाल यांनी शंका घेतली. वस्तू एवढ्या मोठ्या, आणि वयाचा वाद मात्र मागे राहिला. त्यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नव्हता; तो पोटासाठी मुळी खणत होता. यंत्र घेऊन शोधायला निघालेल्या माणसाला मात्र ती सबब नाही.

कायदाही हेच सांगतो, आणि तो सुरुवातीलाच माहीत हवा. 1878चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर काय, कुठे आणि केव्हा सापडलं हे शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याचा वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कळवणाऱ्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही. मालकी कुणाची सिद्ध झाली नाही तर शोधणाऱ्याचा त्यात हक्काचा वाटा असतो, आणि सरकारने ठेवा घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा वाढवून मोबदला मिळतो. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय खोदकाम करायला 1958च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या तालुक्यात शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट अशी स्थळं आहेत आणि शिवनेरी 2025 साली मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यात जागतिक वारसा यादीत गेला. या सगळ्या परिसरात यंत्र पिशवीतूनही बाहेर काढू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. एखाद्या दिवशी शेतात शिवराई सापडेल, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेली. तेव्हा ती चिंचेने घासून चकचकीत करू नये, सराफाकडेही नेऊ नये. जागेची खूण करावी, फोटो काढावा, मातीसकट कागदात गुंडाळावी आणि तहसील कार्यालयाच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांना कळवावं.

गावोगावी अजून गुप्तधनाची बोली चालते. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, अमावास्येला पूजा घातली की हंडा वर येतो, असं सांगून माणसं लुबाडली गेली आहेत आणि त्यापायी जीवही गेले आहेत. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले. आता त्याच मंडळींच्या हातात मेटल डिटेक्टर आला आहे. ज्याला हा छंद प्रामाणिकपणे करायचा आहे, त्याने ‘वाड्यात धन आहे, बघून द्या’ अशा निमंत्रणाला स्वच्छ नकार द्यावा. यंत्र कसं चालतं हे शाळेच्या मुलांना एकदा उघडून समजावलं, तरी त्या भीतीचा आणि लोभाचा बराचसा निचरा होतो.

छंद म्हणून हे यंत्र कसं वापरावं याचा आदर्श मला इंग्लंडमधल्या हॉक्सनच्या घटनेत दिसतो. 1992 साली तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याने यंत्र असलेल्या मित्राला बोलावलं. मित्राला सोन्या-चांदीची रोमन नाणी आणि चमचे लागायला लागले. थोडं वर आल्यावर तो थांबला. अधिकाऱ्यांना कळवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन उरलेला ठेवा जागच्या जागी उकलला. सुमारे 15 हजार नाणी, दागिने, आणि ती सारी ज्या पेटीत होती त्या पेटीच्या खुणासुद्धा मिळाल्या. पुढे हातोडीही सापडली आणि ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. त्या माणसाचं मोठेपण सापडण्यात जेवढं आहे, त्याहून जास्त थांबण्यात आहे.

जुन्नर-आंबेगावात छंद करताना आणखी एक गोष्ट जिवाची आहे. आपल्या उसात बिबट्या राहतो. हेडफोन लावलेला, खाली वाकून किंवा उकिडवा बसून माती उकरणारा माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, आणि त्या माणसालाही मागची चाहूल लागत नाही. म्हणून उसाच्या कडेला, पहाटे किंवा दिवस मावळताना जायचं नाही. एकट्याने जायचं नाही. दोघांपैकी एकाने उभं राहून भोवती लक्ष ठेवायचं, आणि हेडफोन एकाच कानाला लावायचा.

गावात या यंत्राला रोजचं कामही भरपूर आहे. गव्हाणीतल्या वैरणीतून गाई-म्हशींच्या पोटात तार किंवा खिळा जातो, तो जाळीसारख्या पोटातून काळजापर्यंत पोचू शकतो, आणि दुभतं जनावर हातचं जातं. गोठा, गव्हाण आणि कडबाकुट्टीभोवतीची जमीन महिन्यातून एकदा यंत्राने तपासून खिळे-तारा वेचल्या, तर या छंदाचे पैसे एका जनावरात वसूल होतात. जत्रेच्या मैदानावर, बैलगाड्यांच्या घाटात, कांद्याच्या लागणीत बायकांची जोडवी, मंगळसूत्राच्या वाट्या, पैंजण हरवतात. यात्रा कमिटीच्या किंवा मालकाच्या परवानगीने ती शोधून ज्याची त्याला द्यावीत. एखाद्या मावशीला तिची वाटी परत दिली की हंड्याची चौकशी गावात आपोआप बंद होते, आणि लोक आपल्या शेतात या म्हणून स्वतः बोलावतात.

पुस्तिकेच्या पुढच्या प्रकरणांत यंत्र निवडण्यापासून वस्तू जतन करण्यापर्यंत सगळं क्रमाने आलं आहे, आणि शेवटी कोऱ्या नोंदीची पानं आहेत. तारीख, गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर, खोली, मातीचा रंग आणि वस्तू, असे रकाने आहेत. ही पानं भरणाऱ्यालाच मी या छंदातला माणूस मानतो. वस्तू कपाटात गंजतात, हरवतात, मुलं वाटून घेतात. नीट लिहिलेली नोंद मात्र उद्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडली, तर आपल्या शिवाराबद्दल पाठ्यपुस्तकात नसलेलं काही तरी ती सांगू शकते. बोरीच्या राखेचं मोल ज्यांनी ओळखलं, त्यांनी आधी दरड नीट पाहिली होती आणि लिहून ठेवली होती. यंत्र विकत घेण्याआधी एक वही घ्या आणि आपल्याच शेतापासून तिची सुरुवात करा.

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर, जि. पुणे